शेपटावरून शब्द ओळखा: 'क्रसी' आणि 'आर्की' शिकण्याची रीत

बडोद्यातल्या मराठी घरात सत्तेचे शब्द तीन भाषांतून कानावर पडतात. घरात 'हुकूमशाही', गुजराती पेपरात 'सरमुखत्यारशाही', हिंदी बातम्यांत 'तानाशाही'. विद्यापीठात पहिल्या वर्षाला राज्यशास्त्र किंवा इतिहास घेतला, की त्यात इंग्रजीची भर पडते: डेमॉक्रसी, ब्युरॉक्रसी, अरिस्टॉक्रसी, मॉनर्की, ऑलिगार्की, हायरार्की. जीपीएससीच्या (गुजरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या) तयारीला बसलेल्यांसमोरही हीच यादी असते. बहुतेक जण शब्द आणि अर्थ जोडीनं पाठ करतात, आणि पंधरा दिवसांत ऑलिगार्की कुठली, अरिस्टॉक्रसी कुठली, याचा घोळ सुरू होतो. शब्द अख्खाच्या अख्खा गिळला, की असं होतं. मराठी माणसाला समास सोडवायची सवय शाळेपासून असते. तीच सवय इथे लावली, तर महिन्याभराचं पाठांतर दोन आठवड्यांत उरकतं आणि पुढे टिकतं.

आधी काय जमवायचं

एक दोनशेपानी वही घ्या आणि पान आडवं धरून पाच रकाने आखा: शब्द, पुढचा तुकडा, शेपूट, ती सत्ता चालवणारा माणूस, आणि मराठी पर्याय. चौथा रकाना फालतू वाटतो म्हणून अनेक जण गाळतात. तो गाळू नका; स्पेलिंगचा सगळा निकाल त्याच रकान्यावर लागतो.

दुसरी गरज व्युत्पत्ती देणाऱ्या कोशाची. खिशातल्या छोट्या कोशात जागा वाचवण्यासाठी पहिल्यांदा व्युत्पत्तीच उडवलेली असते, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी (सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली) किंवा विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी गाठा. जाडजूड कोश सहसा संदर्भ विभागातच बसून पाहावे लागतात, म्हणून घरून दहा-बारा शब्दांची यादी करूनच निघा. तासाभरात काम होतं. नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला चौकोनी कंसात व्युत्पत्ती असते. तिथे 'जी-के' म्हणजे ग्रीक, 'एल' म्हणजे लॅटिन, 'ओ-एफ' म्हणजे जुनी फ्रेंच. डावीकडे टोक असलेलं बाणासारखं चिन्ह 'यापासून आला' असं सांगतं. एखाद्या रूपावर तारा काढलेला असेल, तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषातज्ज्ञांनी तुलनेनं बांधलेलं आहे, एवढं लक्षात ठेवा आणि ते वहीत उतरवू नका.

पहिली पायरी: शेपूट तोडा

'क्रसी'च्या मुळाशी ग्रीक 'क्राटोस' आहे: बळ, जोर, वरचढपणा. त्याचं जोडशब्दातलं रूप 'क्रातिया'. ते लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेलं, तिथे 'त'चा उच्चार 'स' झाला आणि इंग्रजीनं तो सी या अक्षरानं लिहून घेतला. मूळचा 'त' मात्र मेला नाही. डेमॉक्रॅट, डेमॉक्रॅटिक या रूपांत तो टी होऊन जिवंत आहे. म्हणून 'क्रसी'चा शब्द दिसला की त्याचं 'क्रॅटिक' करून बघायचं.

शेपटाच्या आधी जो 'ओ' ऐकू येतो तो दोन तुकडे जोडणारा स्वर आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही. थोडासा आपल्या संधीसारखा. ब्युरॉक्रसीमध्ये मात्र वेगळा 'ओ' लिहायची गरजच पडली नाही, कारण फ्रेंच 'ब्युरो' हा शब्द मुळातच 'ओ'च्या उच्चारानं संपतो. इथेच सर्वात जास्त मुलं घसरतात. कानाला 'ओ' ऐकू येतो, हात ओ लिहितो. उपाय सोपा आहे: सीबीआयमधला बी म्हणजे ब्युरो. त्या ब्युरोचं स्पेलिंग बी-यू-आर-ई-ए-यू एकदा पक्कं करा आणि पुढे सी-आर-ए-सी-वाय चिकटवा. मध्ये काहीही घालायचं नाही.

दुसरी पायरी: पुढचा तुकडा ओळखा

इथे वेळ द्या. शेपूट एकच, पण पुढच्या तुकड्यांत खरी गंमत आहे, आणि मराठी वाचकाच्या हाताशी संस्कृत असल्यामुळे ती त्याला जास्त लवकर कळते.

'डेमोस' म्हणजे लोक. त्याआधी त्याचा अर्थ मुलूख, वस्ती असाही होता. अथेन्सच्या राज्यात गाव-वस्त्यांना 'डीम' म्हणत आणि त्यांच्या प्रमुखाला 'डेमार्खोस'. आपल्याकडचा पाटीलच तो.

'अरिस्टोस' म्हणजे सर्वांत चांगला. यातला 'इस्ट' आणि आपल्या श्रेष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ, कनिष्ठ यांतला 'इष्ठ' हा एकच प्रत्यय आहे. दोन्ही भाषांना तो एकाच जुन्या घरातून मिळाला. हे एकदा समजलं, की 'काकिस्टॉक्रसी'सारखा भीतिदायक शब्दही आपोआप उलगडतो. 'काकोस' म्हणजे वाईट (कॅकोफनी, म्हणजे कर्णकटू गोंगाट, यात तोच आहे), त्याला 'इस्ट' लागून झालं सर्वांत वाईट. निकृष्टांचं राज्य. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे.

'जेरॉन्टॉक्रसी'तला 'गेरोन' म्हणजे म्हातारा. संस्कृत 'जरा', 'जरठ', 'जर्जर' आठवा; हे सगळे त्याचे भाऊबंद.

'प्लुटॉक्रसी'तला 'प्लूटोस' म्हणजे संपत्ती. जमिनीखालची खनिजं आणि मातीतून उगवणारं धान्य ज्याचं, तो पाताळाचा देव प्लूटो; त्या नावाच्या बटुग्रहाचं नाव त्याच्यावरूनच.

'टेक्नॉक्रसी'तला 'टेख्ने' म्हणजे कारागिरी, हातातलं कसब. त्याच्या नात्यातला संस्कृत शब्द 'तक्षन्', म्हणजे सुतार. टेक्नॉक्रसी हा शब्द मात्र प्राचीन नाही. १९१९ मध्ये विल्यम हेन्री स्मिथ या अमेरिकन इंजिनिअरनं तो चालवला.

आता एक सापळा. 'थिऑक्रसी'तला 'थिऑस' म्हणजे देव, तेव्हा 'थिऑस' आणि 'देव' एकच असणार, असं कुणालाही वाटतं. तसं नाही. 'देव'चा सख्खा नातेवाईक लॅटिन 'देउस' आहे, आणि ग्रीकमधला त्याच घरातला माणूस म्हणजे झ्यूस, वेदातल्या 'द्यौः'चा भाऊ. 'थिऑस'चं मूळ निराळं. दिसण्यावरून सोयरीक जुळवू नका. कोश पाहिल्याशिवाय पाचव्या रकान्यात संस्कृत शब्द लिहायचा नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या. 'स्ट्रॅटॉक्रसी'मध्येही असंच होतं: ती लष्कराची सत्ता, ग्रीक 'स्ट्राटोस' म्हणजे सैन्य, स्ट्रॅटेजीमधलं. स्ट्रॅटोस्फिअरमधला थराचा 'स्ट्रॅटो' लॅटिनमधून आलेला आहे.

काही शब्द दोन भाषांची मोट बांधून तयार झाले. ब्युरॉक्रसीत पुढे फ्रेंच, मागे ग्रीक. 'ब्युरो' म्हणजे आधी जाडंभरडं लोकरी कापड, मग त्या कापडानं मढवलेलं लिहायचं मेज, मग ते मेज असलेली कचेरी. अठराव्या शतकात फ्रान्सच्या व्यापार खात्यात काम केलेल्या व्हॅन्सां द गूर्ने यांच्याकडे या शब्दाचं श्रेय जातं, आणि त्यांनी तो तक्रारीच्या सुरातच वापरला होता. मेरिटॉक्रसीत पुढे लॅटिन 'मेरिटम' आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकल यंग यांनी १९५८ मध्ये तो गाजवला, तोही टीका म्हणून. गुणवत्तेच्या नावावर नवा वरचा वर्ग तयार होईल, असा इशारा त्यांना द्यायचा होता. आज तो कौतुकानं वापरतात. निबंधात वापरताना हा इतिहास माहीत असलेला बरा.

तिसरी पायरी: तीन 'क्रसी' वेगळ्या करा

देवनागरीत लिहून शिकणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण ही आहे. डेमॉक्रसी, हिपॉक्रसी, इडिओसिंक्रसी. तिन्हींचं शेपूट देवनागरीत सारखं, कानालाही जवळजवळ सारखं. इंग्रजीत मात्र पहिल्याचं शेपूट सी-आर-ए-सी-वाय, दुसऱ्याचं सी-आर-आय-एस-वाय, तिसऱ्याचं सी-आर-ए-एस-वाय. सत्तेचा संबंध फक्त पहिल्याशी.

हिपॉक्रसी म्हणजे ढोंग. ग्रीक 'हुपोक्रितेस' म्हणजे रंगमंचावरचा नट. भूमिका करणं हा पहिला अर्थ, नाटकीपणा करणं हा नंतरचा. आपल्या 'सोंग' या शब्दाचा प्रवास अगदी असाच आहे: खेळात घेतात ते सोंग, आणि काम टाळायला घेतात तेही सोंग. हा शब्द 'क्रिनेइन' या क्रियापदाच्या कुळातला, म्हणजे निवडणं, निर्णय देणं. क्रायसिस, क्रिटिक, क्रायटेरियन हे सगळे त्याच घरचे, म्हणून यात आय आहे.

इडिओसिंक्रसी म्हणजे एखाद्या माणसाची खास तऱ्हा. 'इडिओस' म्हणजे स्वतःचा, 'सिन' म्हणजे सह, 'क्रासिस' म्हणजे मिश्रण. ग्रीक वैद्य शरीरातल्या द्रवांच्या मिश्रणावरून माणसाचा स्वभाव सांगत. वात-पित्त-कफाच्या प्रमाणावरून आपल्याकडे 'प्रकृती' सांगतात, तोच विचार. ज्या मोठ्या भांड्यात ग्रीक लोक मद्य आणि पाणी मिसळत, तो 'क्रातेर'. ज्वालामुखीचा क्रेटर त्यावरूनच.

ओळखायचं कसं? 'क्रॅटिक' करून बघण्याची युक्ती इथे दगा देते, कारण इडिओसिंक्रॅटिक हा शब्द खरोखरच आहे. म्हणून चौथा रकाना. माणूस विचारा. डेमॉक्रॅट आहे, ब्युरोक्रॅट आहे, ऑटोक्रॅट (एकहाती सत्ता चालवणारा) आहे: शेवटी क्रॅट, म्हणून ए आणि सी. हिपोक्रिट आहे: शेवटी क्रिट, म्हणून आय आणि एस. इडिओसिंक्रसीचा माणूसच नाही. रकाना रिकामा राहिला, की ए आणि एस. ही एक कसोटी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

चौथी पायरी: 'आर्की'

ग्रीक 'आर्खे'चे दोन अर्थ आहेत, आरंभ आणि अधिकार. जो पहिला त्याचा मान. आर्किऑलॉजीत आरंभाचा, प्राचीनतेचा अर्थ दिसतो; मॉनर्कीत अधिकाराचा. आर्काइव्ह म्हणजे मुळात सरकारी कचेरी, मग तिथलं दप्तर. आर्किटेक्ट म्हणजे मुख्य सुतार, आणि त्यातला 'टेक्ट' पुन्हा वरच्या 'तक्षन्'च्या घरातला. मांडवीच्या कमानींना इंग्रजीत आर्च म्हणतात, पण त्या आर्चचं मूळ लॅटिन 'आर्कस', धनुष्य. त्याचा सत्तेशी संबंध नाही.

'मोनोस' एक, 'ऑलिगोस' थोडके. ऍनर्की नीट बघा: 'अन्' अधिक 'आर्खे'. संस्कृतात नकाराचा 'अ' स्वरापूर्वी 'अन्' होतो, अनंत, अनादर. ग्रीकमध्येही तोच नियम, आणि तो प्रत्ययही तोच. आपला 'अराजक' हा शब्द हुबेहूब त्याच साच्यात घडला आहे: जिथे राजा नाही ते. अथेन्समध्ये दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला आर्खोन म्हणत आणि त्याच्या नावानं वर्ष ओळखत. इसवी सनापूर्वी ४०४-४०३ या गोंधळाच्या वर्षाचा आर्खोन लोकांनी मानलाच नाही आणि त्या वर्षाची नोंद 'अनार्खिया' अशी केली.

हायरार्कीतला 'हिएरोस' म्हणजे पवित्र. देवदूतांच्या श्रेणी, मग धर्मगुरूंच्या पायऱ्या, मग कुठल्याही कचेरीतली वरिष्ठ-कनिष्ठांची रचना, असा तो उतरत आला. मराठीत यासाठी 'उतरंड' हा फार सुंदर शब्द आहे. 'पदानुक्रम' परीक्षेत लिहा, पण अर्थ उतरंडीवरून लक्षात ठेवा. स्पेलिंगमध्ये एच-आय-ई-आर. अनेक जण ई आधी लिहितात, कारण वारस या अर्थाचा इंग्रजी शब्द एच-ई-आय-आर डोळ्यासमोर असतो.

मग 'क्रसी' आणि 'आर्की' यांत फरक काय? ढोबळ मानानं, गादीवर किती जण किंवा कोण, हे आर्की सांगते. जोर कुणाचा चालतो, हे क्रसी सांगते. हा पक्का नियम नाही, वापराचा कल आहे. बडोद्याच्याच इतिहासावर तो लावून बघा. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि २७ मेला सयाजीराव दत्तक आले, वय बारा. २८ डिसेंबर १८८१ ला त्यांच्या हाती कारभार आला. मधली साडेसहा वर्षं राज्य कोणत्या प्रकारचं? मॉनर्कीच, कारण गादी गायकवाडांची. पण रोजचा हुकूम चालत होता दिवाण टी. माधवराव आणि त्यांच्या हाताखालच्या अंमलदारांचा, ही ब्युरॉक्रसी. दोन्ही शब्द एकाच काळाला, एकाच वेळी लागू पडतात. उत्तरपत्रिकेत 'मॉनर्की संपून ब्युरॉक्रसी आली' असं लिहिलं, तर चूक.

ऑलिगार्की आणि अरिस्टॉक्रसी यांचा घोळ ॲरिस्टॉटलपाशी सुटतो. दोन्हीकडे राज्य मोजक्यांचं. ते सगळ्यांच्या भल्यासाठी चाललं तर अरिस्टॉक्रसी, त्या मोजक्या धनवंतांच्या स्वतःच्या फायद्यासाठी चाललं तर ऑलिगार्की. डेमॉक्रसीला त्यानं बिघडलेल्या प्रकारांतच बसवलं होतं, हेही टिपून ठेवा; प्रश्न येतो.

पाचवी पायरी: मराठी रकाना भरताना

'शाही' म्हणजे 'क्रसी' असं समीकरण मांडू नका. फारसी 'शाह'पासून आलेलं हे शेपूट (मूळ धातू राज्य करणं या अर्थाचा, संस्कृत 'क्षत्र'च्या नात्यातला) मराठीत बरीच कामं करतं. लोकशाही, नोकरशाही ठीक. पण भांडवलशाही म्हणजे कॅपिटलिझम, सरंजामशाही म्हणजे फ्यूडलिझम. तिथे इंग्रजी शेपूट 'इझम' आहे. राजेशाही म्हणजे मॉनर्की, तिथे 'आर्की'. आणि बडोद्याचा जुना बाबाशाही रुपया किंवा ग्वाल्हेरची शिंदेशाही पगडी, इथे 'शाही' म्हणजे त्या घराण्याची, त्या धाटणीची, एवढंच. हिंदीतल्या लोकतंत्र, राजतंत्र यांतलं 'तंत्र' तर मुळात मागावरच्या ताण्याचं नाव. गुजराती माध्यमातून आलेल्यांनी 'अमलदारशाही' आणि आपली 'नोकरशाही' दोन्ही शेजारी लिहावीत, अर्थ एकच.

पर्याय अडला, तर 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' बघा. बडोदे संस्थानानं १९३१ मध्ये काढलेला हा कोश इंग्रजी शासनशब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत आणि इतर भाषांतले पर्याय शेजारी-शेजारी देतो. काही पर्याय आज जुने वाटतील, पण एका शब्दासाठी किती बाजूंनी विचार करता येतो, हे तिथे दिसतं.

वापर आणि उजळणी

इंग्रजीत डेमॉक्रसी ही पद्धतही आहे आणि तशी पद्धत असलेला देशही. म्हणून 'इंडिया इज अ डेमॉक्रसी' बरोबर, 'इंडिया इज डेमॉक्रसी कंट्री' चूक. कंट्री लावायचा तर 'डेमॉक्रॅटिक'. अनेकवचनात शेवटचा वाय जाऊन आय-ई-एस येतं. अरिस्टॉक्रसी आज बहुधा उमराव वर्गासाठी वापरतात, राज्यपद्धतीसाठी क्वचित.

उच्चारात 'क्रसी'च्या शब्दांचा जोर शेपटाच्या लगेच आधीच्या 'ऑ'वर: डेमॉक्रसी, टेक्नॉक्रसी. 'क्रॅटिक' झालं की जोर 'क्रॅ'वर सरकतो. 'आर्की'च्या शब्दांत तो पहिल्याच अक्षरावर असतो, म्हणून मॉनर्की. 'मोनार्की' म्हटलं की जोर चुकतो. तोंडानं वीस वेळा म्हटल्याशिवाय हे बसत नाही.

पहिल्या आठवड्यात बाराच शब्द घ्या: डेमॉक्रसी, ऑटॉक्रसी, अरिस्टॉक्रसी, ब्युरॉक्रसी, प्लुटॉक्रसी, थिऑक्रसी, टेक्नॉक्रसी, मेरिटॉक्रसी, मॉनर्की, ऑलिगार्की, ऍनर्की, हायरार्की. रोज दोन, सहा दिवस. सातव्या दिवशी वही मिटून फक्त पुढचे तुकडे कागदावर लिहा आणि त्यावरून बाकीचे चार रकाने भरा. ऍनर्कीच्या चौथ्या रकान्यात 'ऍनर्किस्ट' येतं, हायरार्कीचा माणूस चर्चबाहेर कुणी म्हणत नाही. ते दोन अपवाद लाल शाईनं. दुसऱ्या आठवड्यात जेरॉन्टॉक्रसी, काकिस्टॉक्रसी, क्लेप्टॉक्रसी (चोरांचं राज्य, क्लेप्टोमेनियातला 'क्लेप्ट'), स्ट्रॅटॉक्रसी, पेट्रिआर्की, मेट्रिआर्की, आणि परके दोघे हिपॉक्रसी व इडिओसिंक्रसी. पेट्रिआर्कीत 'पितृ' आणि मेट्रिआर्कीत 'मातृ' दिसत असल्यामुळे त्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. तो वाचलेला वेळ ब्युरॉक्रसी न बघता दहा वेळा लिहिण्यात घाला.